डबीत पाणी नको

कापूस मऊ असतो असं ज्यांनी तो फक्त गादीत पाहिलाय त्यांनी खुशाल म्हणावं. पऱ्हाटीचं बोंड उललं की त्याच्या चार-पाच पाकळ्या वाळून कडक होतात आणि प्रत्येकीचं टोक सुईसारखं उभं राहतं. त्या टोकांच्या मधून बोटं आत घालायची, कापूस ओढायचा, पुढच्या बोंडाला हात घालायचा. एका बोंडात चार-पाच ग्रॅम कापूस निघतो. दिवसाला तीस किलो वेचायचा तर सहा-सात हजार बोंडं झाली. टोक लागतं ते बरोबर नखाच्या कडेला. त्यात डिसेंबरची कोरडी थंडी. आमच्याकडे बोंडही उलतं आणि टाचही उलते, शब्द एकच.

समुद्रपूर तालुक्यात आमची चार एकर कोरडवाहू. वेचणीला दोन बाया लावते, तिसरी मी. त्या डिसेंबरात माझ्या उजव्या अंगठ्याच्या पेऱ्यावर अशी चीर पडली की ठेचा वाटला तर रात्रभर झोप नाही. मुलीनं मेडिकलमधून व्हॅसलिन आणून दिलं. ते चांगलंच असतं, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, चुलीपुढे बसल्या बसल्या म्हणाल्या, "पयले आमी मेण-तेल लावत जाऊ. घरीच करत जाऊ."

"किती मेण, किती तेल?"

"अंदाजानं वं. मोजाले का सोनं होतं?"

इथून ते खूळ सुरू झालं. घरात जवस होती, तीळ होता, हळद होती. नव्हता तो फक्त आत्याबाईंचा अंदाज, आणि खरं सांगायचं तर तो आता त्यांच्याकडेही राहिला नव्हता. तीस वर्षं त्यांनीही डबीच विकत आणली होती.

पहिल्या खेपेला मी जे केलं ते आता आठवलं की हसू येतं. घाणीवरून काढून आणलेलं जवसाचं तेल घेतलं, कारण तेच घरात जास्त होतं. किराणा दुकानातून मेणाची पांढरी लादी आणली. बांधावरून कडुलिंबाचा पाला आणि मूठभर कंबरमोडी खुडली. पुण्यामुंबईकडे हिला एकदांडी म्हणतात, लांब देठावर एकच बारीक पिवळं फूल असतं. विळा लागला की आमच्याकडे अजूनही हिचाच पाला चोळून रस पिळतात. दोन्ही पाले धुतले, वाटले, तेलात टाकले, दोन चमचे हळद घातली, गरम केलं, गाळलं, मेण टाकलं. हिरवट-पिवळं मलम झालं. पाच डब्या भरल्या. दिसायला इतकं देखणं की मी मोबाईलवर फोटो काढून बहिणीला पाठवला.

चौथ्या दिवशी हळद तळाशी रेतीसारखी बसली. मलमावर तेलाचे घामासारखे थेंब आले. बाराव्या दिवशी झाकण उघडलं तर कडेनं पांढरी लव, आणि वास असा की आमचे हे ओसरीतून म्हणाले, "काऊन वं, दारं रंगवायचा बेत आहे का?"

वास रंगाचाच होता. जवसाचं तेल हवेत सुकतं, चिकट होतं, त्याचा थर जमतो, म्हणून तर ते रंगात आणि वार्निशात वापरतात. ताजं असताना चटणीवर घ्यायला त्याच्यासारखं तेल नाही, पण डबीत महिनोन् महिने ठेवायला ते नाहीच. (जवसाच्या तेलानं भिजलेलं फडकं बोळा करून कोपऱ्यात फेकू नका. ते आपलं आपण तापतं आणि कधी पेट घेतं. मी तसलं फडकं चार दिवस कुटाराच्या ढिगाजवळ टाकलं होतं, देवानं राखलं.) मेणही मधमाशीचं नव्हतं. ते मेणबत्तीचं, खनिज तेलातून निघणारं पॅराफिन. दोन्ही ओळखायचे कसे ते मला पुढे एका मोहोळ काढणाऱ्या भाऊंनी हातावर दाखवलं. माशीच्या मेणाचा तुकडा तळहातात मळला की मऊ पडतो, वळवाल तसा वळतो, मधाचा वास सोडतो. पॅराफिन बोटाखाली निसटतं आणि मोडलं की त्याच्या खपल्या निघतात.

राहिली ती बुरशी. ती पाल्यातल्या पाण्यानं आली. ओला पाला वाटून तेलात टाकायचा आणि जरा गरम करून गाळून घ्यायचं, म्हणजे पाणी तेलात तसंच राहतं, दिसत मात्र नाही. आमच्या कोरडवाहू मुलखात पाण्याची वाट पाहण्यात जन्म जातो. पाणी घालवायचं कसं हे मला शिकावं लागेल असं वाटलं नव्हतं.

मेणापासून पुन्हा सुरुवात केली. ते मोहोळवाले भाऊ जंगलाच्या बाजूला आग्या मोहोळ काढतात. मधाचा भाग तेवढा कापतात, पिल्लांचा फांदीला तसाच राहू देतात, म्हणजे माश्या बसल्या जागी टिकतात. मध पिळून झाला की उरलेला चोथा त्यांच्या लेखी कचरा. दोन किलो चोथा त्यांनी पिशवीत घालून दिला आणि पैसे घेतले नाहीत. फक्त म्हणाले, "झालं का एक डबी मलेबी ठेवजा."

तो चोथा म्हणजे काळपट, चिकट, मेलेल्या माश्यांचे पंख चिकटलेला गोळा. जुन्या धोतराच्या दुहेरी फडक्यात त्याची पुरचुंडी बांधली. मोठ्या स्टीलच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, पाणी, त्यात ती पुरचुंडी, वर दगड ठेवून बुडवलेली. लोखंडी कढई घेऊ नये, तिनं मेण काळं पडतं. मंद आचेवर पाणी तापलं तसे पुरचुंडीच्या अंगातून पिवळे डोळे वर येऊ लागले. आधी एक, मग दहा, मग सगळ्या पाण्यावर साय धरल्यासारखं. अंगणभर मधाचा वास सुटला आणि खरोखरच्या माश्याही येऊन घिरट्या घालू लागल्या. सराट्यानं, म्हणजे उलथन्यानं, पुरचुंडी दाबून दाबून पिळली, बाहेर काढली, गंज झाकून रात्रभर तसाच ठेवला. सकाळी पाण्यावर मेणाची भाकर तरंगत होती. खरंच भाकरीएवढी, कडा सुटलेल्या. उलटी केली तर खालच्या अंगाला करड्या गाळाचा थर. तो चाकूनं खरवडला. दुसऱ्यांदा स्वच्छ पाण्यात वितळवून पुन्हा थिजवली, पुन्हा खरवडली. दोन किलोतून हाती आलं दीड पाव. पिवळंधमक, बोटानं टोचलं तर नखाचा ठसा उमटेल असं. ती चकती तीन दिवस सावलीत, जाळीखाली वाळवली. तिच्यातलंही पाणी जायला हवं होतं.

तेल तिळाचं घ्यायचं ठरलं. ते सहजी खवट होत नाही, आणि आत्याबाईंनाही तेच आठवत होतं. घरचे तीळ घेऊन घाणीवर गेले. इथे जरा विषय सोडून बोलते. लाकडी घाणीच्या तेलाचं आता शहरात फार कौतुक चालतं, दुपटीतिपटीनं विकतात, पण घाण्याचं शास्त्र सुधारलं ते आमच्या वर्ध्यात. गांधीजींनी १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ काढला तो इथल्या मगनवाडीत. तिथे झवेरभाई पटेलांनी बैलाच्या घाण्यावर काम केलं, आणि 'वर्धा घाणी' हे नाव तेलाच्या धंद्यातले लोक आजही घेतात. मी ज्या घाणीवर गेले तिथे बैलाच्या जागी मोटर आहे. घाणीवाल्यानं बजावलं तेवढं महत्त्वाचं, की तेल आणल्या आणल्या वापरू नका, चार दिवस हलवू नका, गाळ बसू द्या.

पाल्याचं काय करायचं ते एका ओळखीच्या वैद्य बाईंना विचारलं. त्यांनी माझी सगळी कहाणी ऐकून घेतली आणि म्हणाल्या, तुम्ही तेल नुसतं गरम केलं, सिद्ध केलं नाही. शार्ङ्गधर संहितेत माप दिलंय. वाटलेली वनस्पती एक भाग, तेल चार भाग, पातळ पदार्थ म्हणजे काढा किंवा रस सोळा भाग. मी चमकले. मी पाणी घालवायच्या मागे आणि ह्या तेलाच्या चौपट पाणी ओतायला सांगतात! पण खुबी तिथेच आहे. पाणी असेपर्यंत तेल शंभर अंशांच्या फार वर जात नाही, पाला जळत नाही. आणि शेवटचं पाणी कधी संपलं हे ओळखायच्या खुणा ठरलेल्या आहेत. नुसत्या घड्याळावर जायचं नाही.

तर पन्नास ग्रॅम कडुलिंबाचा पाला आणि हळद एकत्र वाटून, दोनशे ग्रॅम तेल, आणि आठशे ग्रॅम कंबरमोडीचा काढा. हळद आमच्याच तालुक्यातली, वायगावची, भौगोलिक मानांकन मिळालेली. तिच्या रंगाला तोड नाही, आणि त्या रंगानंच पुढे घोळ केला. ते नंतर सांगते. मोजमाप मुलीकडे. ती नववीत आहे, तिनं शाळेच्या वहीत प्रयोग लिहितात तसं 'साहित्य, कृती, निरीक्षण' लिहून घेतलं.

तीन तास मंद आच. पहिले दोन तास नुसतं खदखदतं, काही घडत नाही असं वाटतं. मग आवाज बदलतो. खदखद कमी होते आणि बारीक तडतड सुरू होते, जशी फोडणी. बाईंनी सांगितलं होतं की तळाचा थोडा कल्क, म्हणजे तो वाटलेला पाला, काढून बोटांत वळायचा. ओला असला तर लिबलिबीत पसरतो. झाला की त्याची वात वळली जाते, बोटाला चिकटत नाही. मग ती वात विस्तवात धरायची. मी धरली तर चट चट करून उडाली. अजून पाणी होतं. दहा मिनिटांनी दुसरी वात धरली, थोडीच चटकली. तिसरी वात मात्र मुकाट जळाली, समईच्या वातीसारखी. त्याच वेळी तेलावर फेस चढला. तेलाला शेवटी फेस येतो आणि तुपाचा शेवटी फेस बसतो, हेही बाईंनीच सांगितलेलं. आत्याबाई इतका वेळ भिंतीला टेकून पाहत होत्या. तिसरी वात मुकाट जळाल्यावर त्या म्हणाल्या, "हाव. असंच. आवाज नाही आला पायजे. माही माय असंच करे." साठ वर्षं मागे पडलेलं त्या वातीनं वर काढलं.

आनंदाच्या भरात मी नुकताच धुतलेला सराटा तेलात घातला. ओला. काय व्हायचं ते झालं. तडाड आवाज झाला आणि मनगटावर तीन थेंब. शेजारच्या काकू टूथपेस्ट घेऊन धावल्या, ह्यांनी तीच जवसाची जुनी डबी पुढे केली. मी हात मोटारपंपाच्या नळाखाली धरून वीस मिनिटं उभी राहिले, थंड पाणी सोडून दुसरं काही लावलं नाही. भाजल्यावर पेस्टही नाही आणि तूपही नाही. मलमही नाही, ते माझ्या हातचं असलं तरी. तेलकट थर आतली आग आतच कोंडतो. मलम करताना भाजलेल्या बाईनं मलम लावलं नाही, याची गावात आठवडाभर गंमत झाली.

मेण घालणं त्यामानानं सोपं. मेण बासष्ट ते चौसष्ट अंशांना वितळतं, म्हणून ते थेट आचेवर ठेवायचं नाही. एका गंजात पाणी उकळायचं, त्यावर दुसरं कोरडं भांडं, त्यात तेल आणि किसलेलं मेण. पाच भाग तेलाला एक भाग मेण. मेण विरघळलं की चमचाभर थंड ताटलीवर टाकून पाहायचं, जसा आपण पाक पाहतो. बोटानं ओढलं तर माग राहिला पाहिजे पण खड्डा पडता कामा नये. मी त्यात मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेलही थोडं घातलं, ते थंडीत थिजतं आणि मलमाला लोण्यासारखा मऊपणा देतं. पण थंड व्हायला वेळ लागला तर मलम रवाळ होतं, तुपासारखं. तसं झालंच. पुन्हा वितळवून डब्या गार पाण्याच्या परातीत ठेवल्या तेव्हा गुळगुळीत जमलं. डब्या आधी उन्हात कडकडीत वाळवलेल्या. आणि बोट घालायचं नाही, चमच्याच्या दांड्यानं काढायचं.

पहिली चांगली डबी हाती आली आणि मी शहाणीनं काय करावं? सकाळी शेतात जाताना दोन्ही हातांना चोळून गेले. दुपारी ओट्यातला, म्हणजे कमरेच्या झोळीतला, कापूस ओतला तर पांढऱ्याशुभ्र कापसावर पिवळी बोटं. वायगावच्या हळदीचा रंग तेलात उतरतो आणि कापसाला धरून बसतो. हिंगणघाटच्या बाजारात डागी कापसाचा भाव पडतो हे शेंबडं पोरही सांगेल. आत्याबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "कापसाले हळद लावून राहिली का? लगीन आहे का त्याचं?" पाच-सहा किलो वेगळा काढून घरच्या गाद्यांना ठेवला.

त्यातून मलम रात्रीचं झालं, आणि तिथेच मला जे कळायचं ते कळलं. सुरुवातीला मी कोरड्या हातांना चोळायची. चीर जरा बुजायची, सकाळी पुन्हा कोरडी. एक दिवस भांडी घासून हात नुसते झटकले आणि ओलेच असताना लावलं. सकाळी फरक दिसला. कातडं तेलानं मऊ होत नाही, पाण्यानं होतं. मेण आणि तेल ते पाणी उडू देत नाहीत, एवढंच त्यांचं काम. मग रोज तेच. कोमट पाण्यात पाच मिनिटं हात, टिपून घ्यायचे, पुसून कोरडे करायचे नाहीत, वरून मलम, आणि मुलीच्या शाळेचे जुने पायमोजे हातात घालून झोपायचं. पाय असतील तर पायांत. दहा दिवसांत अंगठ्याची चीर मिटली. कंबरमोडीनं मिटली, हळदीनं मिटली की मेणाखाली कोंडलेल्या पाण्यानं, असं कोणी विचारलं तर मी पाण्याकडे बोट दाखवीन. व्हॅसलिननंही हेच झालं असतं, जर मी ते ओल्या हाताला लावलं असतं.

वेचणीच्या बायांनी मोजे पाहून आधी हसून घेतलं, मग डब्या मागितल्या. प्रत्येकीला आधी कोपराच्या आतल्या बाजूला मूगभर लावून एक दिवस थांबायला सांगितलं. कडुलिंब असो की हळद, झाडाचं आहे म्हणून सगळ्यांना मानवतंच असं नाही. एकीनं मात्र घरी नेऊन त्यात बिब्याचं तेल मिसळलं. टाचेच्या भेगेत गरम बिबा भरायचा ही आमच्याकडची जुनी रीत. बिबा उतला. पाऊलभर फोड आले, घोट्यापर्यंत सूज, आणि सरकारी दवाखान्यात चार दिवस मलमपट्टी. नाव माझ्या मलमाचं झालं. मी कोणाकोणाला समजावत बसू? तेव्हापासून देतानाच सांगते, यात काही घालशील तर परत येऊ नको.

दुसऱ्या एका काकूंच्या टाचेत पाव इंच खोल भेग होती आणि त्यांना ती दुखत नव्हती. त्यांना साखर आहे. न दुखणारी भेग दुखणाऱ्या भेगेपेक्षा वाईट. मी डबी दिली नाही, त्यांच्या मुलाला फोन करून दवाखान्यात न्यायला लावलं. काकू महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. नायट्याला, खरजेलाही मी देत नाही. खरूज घरातल्या सगळ्यांनी एकदम दवाखान्याचं औषध लावल्याशिवाय जात नाही, आणि नायट्यावर नुसता मेणाचा थर म्हणजे त्याला पांघरूणच.

फेब्रुवारीत बचत गटाच्या बैठकीत विषय निघाला की आपण हे विकू या, प्रदर्शनात स्टॉल लावू. लेबलचं नावही ठरलं. मग माहिती काढली तर कळलं की अंगाला लावायची वस्तू बनवून विकायची तर १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली परवाना लागतो. आणि डबीवर 'भेगा बऱ्या करते' असं छापलं की ती सौंदर्याची वस्तू राहत नाही, औषध होते. त्याचा परवाना निराळा, जागेचे नियम निराळे. बाया हिरमुसल्या. मला मनातून हायसं वाटलं. माझ्या चुलीपुढे मांजर फिरतं. ओळखीच्या दहा घरांना देणं वेगळं आणि अनोळखी माणसाच्या अंगाला लागणारं विकणं वेगळं. गट आता पापड आणि हळद विकतो.

मे महिना आला आणि माझा पाचाला एक हा हिशोब वितळला. अक्षरशः. लग्नाला निघालो होतो, पर्समध्ये डबी, बाहेर पंचेचाळीस अंश, बस उन्हात उभी. उतरलो तेव्हा पर्समधला रुमाल, आधार कार्ड, आहेराचं पाकीट, सगळं हळदीच्या तेलात. तेव्हापासून वहीत दोन मापं आहेत. दिवाळी ते होळी पाचाला एक, होळीनंतर साडेतीनाला एक, आणि टोळीचं तेल उन्हाळ्यात बंद.

उन्हाळ्यात भेगा नसतात, पण उन्हानं मान आणि दंड जळजळतात. त्यासाठी वैद्य बाईंनी शतधौत घृत सांगितलं. शंभर वेळा धुतलेलं तूप. तांब्याची परात, त्यात पाव किलो गायीचं तूप, वरून गार पाणी, तळहातानं गोल गोल फेटायचं, पाणी ओतून टाकायचं, पुन्हा नवं. मोजायला मुलगी. पहिल्या दहा वेळा तूप तुपासारखंच निसटत होतं. विसाव्याला पिवळेपणा उतरला. चाळिसाव्याला वास गेला, जिभेला लावलं तरी तूप आहे हे ओळखू येईना. त्रेसष्ट की त्र्याहत्तर यावर आमचं भांडण झालं, मी त्र्याहत्तर म्हणत होते कारण माझा खांदा भरून आला होता. मुलगी वहीतल्या रेघा दाखवून त्रेसष्टवर ठाम राहिली. शेवटी जे झालं ते पाहून दोघी गप्प. पांढरंफेक, दाढीच्या फेसासारखं हलकं, बोटावर घेतलं की थंडगार आणि क्षणात मुरतं. यात पाणीच पाणी असतं, तुपानं धरून ठेवलेलं. मी इतके महिने ज्या पाण्याच्या मागे लागले होते तेच इथे औषधाच्या अंगात. पण म्हणूनच ते टिकत नाही. एवढीशी वाटी फ्रिजमध्ये ठेवायची, पंधरा दिवसांत संपवायची, पुन्हा शंभर वेळा धुवायची. मी ते आतापर्यंत दोनदाच केलंय.

पावसाळ्यात डब्या मी कपाटातच ठेवते. चिखलात राबून बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात तिथे मलम लावलं की ओल कोंडते आणि चिखल्या वाढतात. तिथे पाय धुवून कोरडे पुसणं हेच औषध. आणि फवारणीच्या दिवसांत तर मी हे आमच्या ह्यांच्यापासून लपवूनच ठेवते. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, ते इथे कोणी विसरलेलं नाही. फवारणीची कितीतरी औषधं तेलात विरघळतात. तेलकट हातांनी पंप धरायचा नाही, आणि परत आल्यावर आधी साबण, पाणी, कपडे बदलणं, मग चहा.

यंदा पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदमळणीसाठी आत्याबाई हळद आणि तूप शोधत होत्या. तूप संपलं होतं. मी काही बोलायच्या आत त्यांनी कपाटातून माझ्या दोन डब्या काढल्या, पळसाच्या पानावर उलट्या केल्या आणि गोठ्यात गेल्या. जुवानं घासून बैलाच्या खांद्यावर जिथे केस गेलेत आणि कातडं माझ्या टाचेसारखं झालंय तिथे त्या दोन्ही हातांनी चोळू लागल्या. "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या," म्हणत.

मी म्हटलं, "आत्याबाई, ते माणसांसाठी केलंय."

"मंग?" त्या म्हणाल्या, आणि बैलानं मान वळवून त्यांचं पिवळं झालेलं मनगट चाटलं.